खरारा

माझ्या कुत्र्याचे केस लातूरच्या आमच्या घरात कुठे नव्हते, ते विचारा. गादीवर, भाकरीच्या पिठात, शाळेत नेसून जायच्या साड्यांवर. मी चिडचिड करत दिवसातून चारदा झाडू मारायचे. आई गेल्यावर वडील निलंग्याजवळचं गाव सोडून माझ्याकडे राहायला आले, आणि पंधराव्या दिवशी पूजेला बसले असताना त्यांच्या तळहातावरच्या इष्टलिंगाला एक पिवळा केस चिकटलेला निघाला.

ते ओरडले नाहीत. पूजा आटोपून एवढंच म्हणाले, "एक तर ह्यो ऱ्हाईल, न्हाईतर मी. सोमवारी जातो गावाकडं." आणि बॅग भरायला घेतली.

गावात आता त्यांचं होतं कोण? ट्रॅक्टर आल्यावर बैलसुद्धा विकले होते. रिकाम्या घरात ते एकटे, या विचारानेच मला रडू यायचं. कुत्र्याला कुणाला देऊन टाकायचं म्हटलं तरी यायचं.

रविवारी मी इरेला पेटून कुत्र्याला पुन्हा शाम्पूने आंघोळ घातली, आठवड्यातली तिसरी. वडील मोरीच्या दारात उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अगं, बैल कधी असा धुतला का आपण? कातडी कोरडी पडून ऱ्हायली ह्येची. म्हणून लई गळायलेत केस. आधी खरारा, मग पाणी."

बैलांचं अंग घासायचा लोखंडी दात्यांचा खरारा त्यांनी गावाहून आणलेल्या पेटीतूनच निघाला. बैल गेले तरी त्यांनी तो जपला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. आधी स्वतःच्या दंडावर ओढून पाहिला. लाल रेघा उठल्या.

"ह्येला न्हाई चालायचा," म्हणाले, आणि मी कधीच आणून खोक्यात तसाच ठेवलेला रबरी ब्रश मागितला.

कुत्र्याचं अंग वाळल्यावर त्याला गॅलरीत घेऊन बसले. मानेपासून शेपटीकडे, सावकाश. शेजारी पिवळ्या केसांचा ढीग साठला. कुत्रा डोळे मिटून पसरला. आई गेल्यापासून वडिलांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"झालं का?" मी विचारलं.

"एका दिवसात कुठं? रोज करावं लागतंय. सकाळी आधी ह्यो, मग माझी आंघोळ, मग पूजा."

"आणि उद्याची एसटी?"

त्यांनी ब्रशातले केस काढले. "पोट ऱ्हायलंय अजून ह्येचं."

मी आत गेले आणि बॅगेतली धोतरं काढून कपाटात ठेवली.