मेडशीवरून जाणारी शर्यत

लढाईची वर्षं होती. सायकलचं टायर मिळणं म्हणजे देव पावणं. माझ्या मागच्या टायरला चांभाराकडून चामड्याचं ठिगळ शिवून घेतलं होतं, आणि चाक फिरलं की ते दर वेळी टपकन वाजायचं. वाशीमच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून. खेडोपाडी जाऊन कापसाच्या गाड्या कधी आणायच्या याची वर्दी द्यायची, हे माझं काम. त्यामुळे पायांत जोर होता, एवढंच. शर्यतीबिर्यतीचा मला कधीच नाद नव्हता.

फाल्गुनात, होळी झाल्यावर, गावातल्या तालमीनं सायकलची शर्यत ठेवली. वाशीमहून मालेगाव, तिथून मेडशी, मग घाट उतरून पातूर, आणि त्याच रस्त्यानं त्याच दिवशी परत. पहिल्याला नवीकोरी टायर-ट्यूबची जोडी. एका जैन कापडदुकानदारानं ती त्या दिवसांत कुठून पैदा केली होती, त्यालाच ठाऊक. मी नाव दिलं तेव्हा जिनमधले सगळे म्हणाले, टायरसाठी दिलं. मी म्हटलं, हो, टायरसाठीच. साफ खोटं. मला मेडशीवरून जायचं होतं.

मेडशी माझी सासुरवाडी. बायको पहिल्या बाळंतपणाला तिकडे गेली होती. मुलगा झाला आणि पाचव्या दिवशी गेला. मला दोन्ही बातम्या एकदमच कळल्या, एका गाडीवानाकडून, जिनच्या फाटकात, आजूबाजूला कापसाचे ढीग आणि वजनकाट्यापाशी भांडणारी माणसं असताना. मी तसाच निघणार होतो. चुलत्यानं अडवलं. म्हणाला, "आता जाऊन काय करतं? मातीबी देऊन झाली. जवाई असा धावत जाते काय?"

आमच्याकडे रीत अशी, की माहेरी गेलेल्या सुनेला आणायला सासरचं वडीलधारं माणूस जातं. नारळ, लुगडं, बांगड्या घेऊन. नवऱ्यानं एकट्यानं जायचं नाही. माझा बाप मी लहान असतानाच गेलेला, आई या बाळंतपणाच्या आदल्या उन्हाळ्यात. उरला हा चुलता, आणि त्याच्याशी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, आमचं वाजलेलं. मी त्याच्या दारी जाऊन उभा राहायचो, आणि तो म्हणायचा, "जाऊ ना बावा, तुरी निघू दे." तुरी निघाल्या. मग हरभरा निघाला. मग त्याचा गुडघा दुखू लागला. तो गुडघा बाजाराच्या दिवशी बरोबर बरा व्हायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो.

दोन खणांचं घर आणि मी. भाकरी एका बाजूनं करपायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची, तरी मी ती खायचो, कारण नावं ठेवायला समोर कोणी नव्हतं. कधी कधी सबंध रविवार तोंडातून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी विहिरीवर कोणी "काय चाललं?" विचारलं, तर घसा आधी खाकरावा लागायचा. लोक म्हणायचे, हा माणूस चिडका झाला. झालो होतो चिडका. एकट्या माणसानं दुसरं काय व्हावं?

आणि मेडशीकडून कानावर येत होतं ते आणखी वाईट. पोरगं गेलं म्हणून जावयाला बायको नको झाली, असं तिकडे बोललं जात होतं. आमच्या भागात अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरचं कोणी आलं नाही, तर ती बाई टाकलेली धरतात. मग कोणी आणायला गेलं तरी आईबाप पाठवत नाहीत. अखाजी महिन्या-दीड महिन्यावर आली होती. मी शर्यतीत नाव दिलं ते यासाठी. शर्यतीतला माणूस रस्त्यानं गेला तर त्यात कोणतीच रीत मोडत नाही. तिनं मला बघावं, मी तिला बघावं, आणि मी तिला टाकलेलं नाही हे तिला कसंतरी कळावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कसं कळणार होतं, याचा विचार मी केला नव्हता.

सकाळी निघालो तेव्हाच वारा समोरून होता. आमच्याकडे फाल्गुनातला वारा दिवसभर एकाच बाजूनं ढकलत राहतो. शेतं रिकामी, नुसत्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या, अडवायला काही नाही. तालमीतली पोरं हुशार. एकामागे एक लागून, पुढच्याच्या आडोशानं चालली होती, आणि पुढचा दमला की मागचा पुढे येत होता. मला त्यांनी एकदा हाक मारली, "या ना आमच्यात." मी म्हटलं, माझं मी पाहतो. का म्हटलं कोण जाणे. बोलायची सवय मोडली होती. मालेगावच्या अलीकडेच ते दिसेनासे झाले, आणि मग मी होतो, वारा होता, आणि ते ठिगळ टपटप करत होतं.

एवढं जोरानं पायडल मारून सायकल माणसाच्या चालीनं चालते, तेव्हा रडू येतं. मला आलं. धूळ डोळ्यांत जात होती म्हणून, असं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारायला कोणी नव्हतंच.

मेडशीला तिनं ओळखावं म्हणून मी पांढरा धुतलेला सदरा घातला होता. मेडशी येईपर्यंत तो मातीच्या रंगाचा झाला. वर वाऱ्यात धूळ इतकी, की तोंडाला दुपट्टा गुंडाळावा लागलेला. गावात शिरलो तर रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं. विहिरीजवळ बायांचा घोळका होता. त्यात ती होती की नव्हती, मला आजवर माहीत नाही. मी एका हातानं दुपट्टा सोडायला गेलो, वाऱ्याचा झोत आला, सायकल डुगडुगली, पोरं हसली, आणि हँडल सावरेपर्यंत गाव मागे पडलं. एवढ्या खटाटोपातून माझ्या पदरात काय पडलं, तर पोरांचं हसू. स्वतःला इतक्या शिव्या मी आयुष्यात कधी दिल्या नाहीत.

घाट उतरलो. पातूरला तालमीच्या माणसानं कपाळाला गुलाल लावला, गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "पुढचे कवाच गेले." मी म्हटलं, जाऊ दे. आणि परत चढायला लागलो.

घाटात थोड्याच वेळात उतरून सायकल ढकलावी लागली. पुढे शर्यतीतलाच एक म्हातारा तसाच ढकलत होता. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. मंगरूळपीरचा बांगडीवाला. बाजार करत करत सायकलवर मेडशीपर्यंत यायचा, आणि सगळा मुलूख त्याला चाचा म्हणायचा. त्याचं पुढचं टायर चिंध्या भरून चालवलेलं होतं. त्याला ती जोडी खरोखरच पाहिजे होती. टायर नसेल तर बांगड्यांची पेटी पाठीवर घेऊन किती गावं करणार?

दोघं ढकलत चाललो. मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमी मेडशीचे जवाई ना?"

"हो."

"तुमच्या घरवालीच्या हातात लगनाच्या बांगड्या म्याच भरल्या होत्या." तो थांबून दम घेत होता. "मागल्या बाजारी तिच्या मायनं बोलावलं. पोरीनं हातच पुढं केला नाही. म्हणे, कोणासाठी भरू चाचा?"

मला सायकल ढकलता येईना. तिथेच दगडावर बसलो आणि त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. चुलता, त्याचा गुडघा, गाडीवान, करपलेली भाकरी, सगळं. इतक्या महिन्यांत मी इतकं कोणाशी बोललो नव्हतो. बोलताना घसा दुखला.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "चला बेटा. मेडशीत उतरू."

"उतरून काय करू? मी एकटा गेलेला चालत नाही."

"एकटा कायले? मी काय लहान आहो?"

मला वाटलं म्हातारा थट्टा करून राह्यला. पण मेडशीला विहिरीजवळ, आपल्या घरासमोरच, माझे सासरे लोटा घेऊन शर्यतवाल्यांना पाणी पाजत उभे होते, तिथे त्यानं सायकल झाडाला टेकवली आणि रुमाल सोडून तोंड पुसलं. माझ्या तोंडावरचा दुपट्टा आता गळ्यात होता. सासऱ्यांनी मला ओळखलं. त्यांचा लोट्याचा हात खाली आला. चाचाला म्हणाले, "पाणी प्या अन् निघा. शर्यत हाये तुमची."

"शर्यत गेली," चाचा म्हणाला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी लेक मागायले आलो. यायच्या घरचा मोठा म्हणून."

आजूबाजूची माणसं सरकून जवळ आली. ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "हे काय बोलणं झालं? ना जातीचे, ना गोताचे. नारळ नाही, लुगडं नाही. लोक काय म्हणतीन?"

मी सासऱ्यांना म्हणालो, "मामाजी, मले कोणी नाही. चुलता येत नाही. मी त्याच्या दारी उभा राहून राहून थकलो. मले ती पाहिजे." सगळ्या गावासमोर बोललो. कान तापले होते, पण बोललो.

सासरे जमिनीकडे पाहत होते. मोठा ताठ माणूस. त्यांचं मन कोणाला कधी दिसायचं नाही. ते हळूच म्हणाले, "पाच महिने झाले चाचा. रोज मी या रस्त्याले पाहून राह्यलो. कोणीतरी मागायले यावं, बस एवढंच होतं मह्यं. पोरगी का जड झाली होती मले? पण न मागता कशी धाडू?"

"म्हणून तं मी मागून राह्यलो," चाचा म्हणाला. "अन् बांगड्या मी पुढच्या बाजारी आणून देतो. यायचा मोठा आहो, त्या मह्याकडून."

सासऱ्यांनी लोटा त्याच्या हातात दिला, आणि आत वळून ओरडले, "पाय धुवायले पाणी आणा दोघायले." तेव्हा मला समजलं की जमलं.

पाणी तिनंच आणलं. पदर इतका ओढलेला, की मला फक्त हनुवटी दिसली. वाळली होती. सगळ्यांसमोर ती माझ्याशी बोलणार नव्हती आणि मीही नाही. पाय धुतले, आणि ती आत गेली. रात्री चाचा आणि मी ओसरीवर झोपलो. शर्यत कोण जिंकलं, ते मला पुढे कधीतरी कळलं असेल, पण लक्षात राहिलं नाही.

सकाळी सासूबाईंनी तिची ओटी भरली. सासऱ्यांनी बैलगाडी जुंपून दिली. रीतीप्रमाणे चाचा घरचा मोठा, म्हणून तो गाडीत पुढे, गाडीवानाशेजारी बसला. त्याची सायकल गाडीला मागे बांधली. बायको मागच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून. मी माझी सायकल हातात धरून गाडीच्या मागून चालत होतो. आता वारा पाठीशी होता, तरी मला सायकलवर बसावंसं वाटत नव्हतं.

गाव मागे पडलं तरी ती बोलली नाही. मीही काय बोलू? इतक्या महिन्यांत स्वतःशी केलेली भाषणं सगळी विसरलो होतो. मला भीती वाटत होती. गाडीत बसली म्हणजे परत आली असं नसतं, एवढं मलाही कळत होतं. ती बसली असेल बापाच्या शब्दाखातर. घरी येऊन माझ्यासमोर भाकरी ठेवील आणि जन्मभर गप्प राहील, तर मग मी त्या दोन खणांत आधी होतो तसाच एकटा. पुढे चाचा गाडीवानाशी बैलांच्या किमतीवर बोलत होता आणि मागे वळून पाहत नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं पदर थोडा मागे केला.

"तुमी तवा काहून नाही आले?"

"कोणी बोलावलं नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "मले सांगितलं तवा माती देऊन झाली होती. मी निघालो होतो. अडवलं मले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं म्हणणं खरं की खोटं, ते ती ठरवत होती. मी नजर हलवली नाही. मला रडू येत होतं, आणि या वेळी धुळीचं निमित्तही नव्हतं.

"तुमी त्याले पाह्यलंच नाही," ती म्हणाली. "कान तुमच्यासारखे होते. असे पुढं आलेले."

पाच महिने मी म्हणत होतो, पोरगं गेलं, पोरगं गेलं. ते कसं दिसत होतं हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं, आणि विचारणार तरी कोणाला होतो? मी भर रस्त्यात, गाडीवान ऐकतो आहे की नाही याची पर्वा न करता रडलो. तिनं मला रडू दिलं. तीही रडली.

मग मी विचारलं, "अजून कसा होता?"

"मूठ सोडत नव्हता," ती म्हणाली. "मह्यं बोट धरलं की धरूनच ठेवे. अन् पावसाचा आवाज आला की रडणं बंद करे."

मी सायकल गाडीच्या अगदी जवळ घेतली, म्हणजे चाकांच्या आवाजात एकही शब्द जायला नको. पाच दिवसांचं पोर आमचं. पण ती मालेगाव येईपर्यंत मला त्याच्याबद्दल सांगत होती.