पहिलीचे चिंचोके

भिगवणला हायवेलगतच्या खानावळीत माशाचं कालवण करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत, नाव मलाही कळलं नाही. नव्वदच्या दशकात मी तिथं पहिलीला शिकवायचो आणि दुपारी त्यांच्याकडं जेवायचो. कालवणाची चिंच भिजवली की त्या चिंचोके वेगळे काढायच्या, धुवून पत्र्यावर वाळवायच्या आणि पिशवी माझ्या हातात द्यायच्या. शाळेतले सरकारी मणी कधीच हरवले होते. माझी पोरं मोजायला शिकली ती या चिंचोक्यांवर. खेळायला खिशातून न्यायची तीही हेच!

"गुरुजी, आज कुठवर आलं?" मावशी रोज विचारायच्या.

बेरीज सुरू झाली म्हटल्यावर पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "म्हंजी आता जास्त लागत्याल." चेहरा असा फुलला, जणू सगळा वर्ग त्यांच्याच घरचा.

एकदा मावशींचे कष्ट वाचावेत म्हणून मालकानं चिंचोके काढलेली चिंच आणली. मावशींनी पुडा उघडून पाहिला, पुन्हा बांधला आणि माझ्यासमोरच त्याच्या हातात ठेवला.

"तात्या, ही परत करा."

"का? आंबट न्हाय व्हय?"

"आंबट हाय. पण आमची अजून वजाबाकी राहिलीया."