ओठ रंगवताना

सकाळी पुनावळ्याच्या मंडईत मी गवार निवडत होतो तेव्हा फोन वाजला. लिंबाजीचं नाव होतं, म्हणून उचलल्या उचलल्या "बोला राक्षसराज" म्हणालो. पलीकडचा आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी होता. "हॅलो, 'चेहरा' बोलताय का?" मी म्हटलं, राँग नंबर, आणि फोन ठेवून दिला. लगेच पुन्हा वाजला. "अहो ठेवू नका, मी काळेवाडीतून बोलतोय, ह्यांचा घरमालक. ह्यांच्या मोबाइलमधून सगळ्यात जास्त फोन ह्याच नंबरला गेलेत. नाव नुसतं 'चेहरा' असं लिहिलंय. तुम्ही कोण त्यांचे?" मी गवारीची पिशवी हातात धरून उभा राहिलो. काय झालंय ते तोवर कळलं होतं, अशा वेळी सांगावं लागतच नाही. "मित्र," असं शेवटी म्हणालो आणि ते फार अपुरं वाटलं... फोनमध्ये लिंबाजीनं लिहून ठेवलेलं जास्त खरं होतं.

आम्ही दोघं चाकणच्या एकाच कंपनीत होतो. तो पेंट शॉपमध्ये, मी स्टोअर्सला. तो लातूरकडचा, माणूस उंच, खांदे पुढे झुकलेले, बोलणं कमी. वीस-बावीस वर्षं आम्ही कंपनीच्या बसला शेजारी बसलो असू, पण मैत्री म्हणावी अशी झाली ती एका गैरसमजातून. कंपनीचा वार्षिक मेळावा होता, बायकापोरांसकट. मुलांचे चेहरे रंगवायला पुण्याहून एक बाई येणार होत्या, त्या आल्याच नाहीत. एचआरच्या मॅडम घायकुतीला आलेल्या. त्यांनी यादीत बघितलं, लिंबाजीच्या नावापुढं 'पेंटर' लिहिलेलं. झालं! त्याला बोलावून रंगांची पेटी हातात दिली. आता हा माणूस आयुष्यभर गाड्यांचे बंपर रंगवत आलेला, तेही फवाऱ्याच्या बंदुकीनं. ब्रश त्यानं दिवाळीत घराचं दार रंगवायलासुद्धा धरला नसेल. पण मॅडमना 'नाही' कसं म्हणायचं, म्हणून बसला. पहिली आली ती एक चिमुरडी, वाघ हवा म्हणाली. लिंबाजीनं घाम पुसत पुसत जे काढलं ते बघून मला, शेजारी पाण्याचा मग धरून उभ्या असलेल्याला, तोंड फिरवून हसावं लागलं. पोरगी आरशात बघून रडायच्या बेतात आली. तेव्हा लिंबाजी अगदी गंभीरपणे म्हणाला, "हा वाघ नाही बाई. हा वाघाला खातो." पोरीनं परत आरशात बघितलं, दात विचकले, आणि किंचाळत मैदानभर पळत सुटली. अर्ध्या तासात वाघ आणि फुलपाखरं मागायचं सगळ्यांनी बंद केलं. रांग लागली ती राक्षसांसाठी.

तिथून त्याला नाद लागला. सोसायट्यांचे गणपती, वाढदिवस, पिंपळे सौदागरच्या मोठ्या मोठ्या संकुलांतले मेळावे, जिथं बोलावतील तिथं रविवारी पेटी घेऊन जायचा. आणि जायच्या आधी सराव हवा, सरावाला चेहरा हवा, तो माझा. "तुझं तोंड म्हंजे मोकळं पटांगण हाय," असं त्याचं मत होतं. दाढी नाही, मिशी नाही, गाल ऐसपैस. शिवाय स्टोअर्सच्या माणसाला एका जागी बसायची सवय असतेच. दर रविवारी सकाळी मी काळेवाडीतल्या त्याच्या खोलीवर जायचो. खोली आतल्या बाजूला, दिवसाही ट्यूब लावावी लागे. तो आधी मऊ फडक्यानं माझं तोंड पुसायचा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एकाच दिशेनं, पेंट शॉपमध्ये पत्रा पुसतात तसं. "धूळ राहिली की रंग धरत नाही." बारीक रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा. मी डोळे मिटून बसायचो. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास यायचा. एवढ्या जवळून मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही, बायकोलाही नाही. घरी परतलो की सुमा, माझी बायको, दारातच विचारायची, "आज कोण होऊन आलात?" कानामागचा हिरवा रंग सोमवारीही पुरता गेलेला नसायचा आणि स्टोअर्सची पोरं मला 'हल्क' म्हणायची. बिचाऱ्यांना काय माहीत, तो हिरवा कुणाचा होता.

कारण लिंबाजीचे राक्षस कुठून उचललेले नव्हते. ते इथलेच रहिवासी होते. मी त्याला स्टोअर्समधले रद्द झालेले फॉर्म आणून द्यायचो, त्यांच्या कोऱ्या पाठीवर तो त्यांची चित्रं काढायचा आणि खाली त्यांची माहिती लिहायचा, सेवापुस्तकात असते तशी. चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये राहणारा एक, हॉर्नचे आवाज खाऊन जगणारा, त्याला कान गुडघ्यांवर. कंपनीच्या बसमधली एक राक्षसीण, सेकंड शिफ्टच्या माणसांच्या जांभया गोळा करून त्यांची गोधडी शिवणारी. पवनेच्या पाण्यातला एक, फेसाच्या दाढीचा, स्वभावानं अतिशय गरीब. प्रत्येकाचं खाणं, दुखणं आणि भीती लिहिलेली असायचीच. मी एकदा विचारलं, राक्षसांना कसली रे भीती? तर माझ्या नावातला 'व' गिळून म्हणाला, "इनायक, भीती नसती तर एवढं भेसूर तोंड कशाला केलं असतं त्यांनी?" हे बोलून तो चहा ठेवायला उठला.

त्याची एक खोड मला फार उशिरा लक्षात आली. एरवी कमी बोलणारा हा माणूस माझे ओठ रंगवताना बोलायचा. ओठ तो सगळ्यात शेवटी घ्यायचा आणि रंग वाळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद असायची. त्या सात-आठ मिनिटांत मला 'हूं'सुद्धा म्हणता यायचं नाही, आणि नेमकं तेव्हाच तो मनातलं काढायचा. त्याची बायको लग्नानंतर वर्षाच्या आत गावी गेली ती परत आलीच नाही, तिनं दुसरं घर केलं, ते मला असंच कळलं. "चांगली होती. तिला करमलं नाही," एवढंच म्हणाला आणि माझ्या खालच्या ओठाला काळी किनार ओढली. पेंट शॉपमध्ये रोबो आले आणि ह्याची बंदूक काढून घेऊन ह्याला नुसतं तपासायला उभं केलं, तेव्हाही असंच. "आता मी फक्त बघायलोय. हातांना काय सांगू?" मग ओठ वाळायचे, तो आरसा माझ्यापुढं धरायचा आणि विचारायचा, "कसंय?" मी म्हणायचो, "भयंकर." ह्याहून मोठी दाद आमच्यात नव्हती. आधी जे बोलला त्याबद्दल मी काही विचारायचं नाही, तोही काढणार नाही, असं न ठरवता ठरलेलं होतं. मला ते सोयीचंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाठोपाठ रिटायर झालो. मी मुलाबरोबर पुनावळ्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तो काळेवाडीतच राहिला. रविवार चालू होते. गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी, वरचा ओठ रंगवता रंगवता तो म्हणाला, "तुझ्या तिकडं एखादी खोली मिळंल का रे? एकट्यापुरती. आता इथं करमत नाही. रोज येऊन डोकं खाणार नाही तुझं. पण हाक मारली तर ऐकू जाईल, एवढ्या अंतरावर." आणि खालच्या ओठाकडे वळला. मी डोळे मिटूनच होतो. रंग वाळला. आरसा आला. "कसंय?" "भयंकर," मी म्हणालो. तोंड धुतलं, चहा प्यालो, घरी आलो.

हो म्हणायला अडचण काय होती? काहीच नव्हती. आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एका खोलीचा फ्लॅट वर्षभर रिकामा पडून होता, हे मला माहीत होतं. सुमानं कधी नाक मुरडलं नसतं, उलट डबा पाठवला असता. अडचण माझी होती. मला तो रविवारपुरताच हवा होता. आठवड्यातून एकदा जाऊन चेहरा देऊन यायचा आणि दाराबाहेर पडलं की मोकळं व्हायचं. नवी सून घरात, सोसायटीत नव्या ओळखी, आणि त्यात हा पेटी घेऊन रोज लिफ्टमध्ये भेटणार... हे लिहिताना लाज वाटते, पण मृत्युलेखात आपण चांगलेच होतो असं लिहायची पद्धत मला झेपणार नाही.

पुढच्या रविवारी त्यानं नवा राक्षस काढला. कपाळावर शिंगं, गालांवर खवले, सगळं झालं, आणि आरसा धरला. मी म्हटलं, "अरे, तोंड राहिलं की." तो म्हणाला, "ह्याला तोंड नाही." त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा, त्यालाही तोंड नाही. असे चार राक्षस झाले. माझे ओठ त्यानं कोरे ठेवले होते आणि ब्रश धुताना तो नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत होता. तो मला बोलायला जागा करून देत होता, हे मला तेव्हाच, त्याच खुर्चीत बसल्या बसल्या कळलं होतं. मी त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोललो. पाणीकपातीबद्दल बोललो. पाचव्या रविवारी मी गेलो नाही, फोनवर काहीतरी निमित्त सांगितलं. सहाव्या रविवारी वेगळं सांगितलं. तो दर वेळी म्हणाला, "बरं बरं, काळजी घे." सातवा रविवार यायच्या आत घरमालकाचा फोन आला.

सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून कळलं. झोपेतच गेला, डॉक्टर म्हणाले. गावाकडून पुतण्या आला, समजूतदार मुलगा, पण काकाची त्याला फारशी माहितीच नव्हती. स्मशानात माणसं मोजकी, पेंट शॉपमधले चौघं-पाच जण आणि गल्लीतल्या काही बायका. चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं तेव्हा मी नीट पाहिलं. इतकी वर्षं इतक्या जवळून बघितलेलं तोंड, पण दर वेळी ते माझ्याकडे बघण्यात गढलेलं असायचं. आता ते कुणाकडेच बघत नव्हतं. पुतण्यानं टीव्ही आणि कुकर टेम्पोत घातला आणि ते फॉर्म माझ्या हातात दिले. "ह्याचं काय करू कळंना काका. तुमचंच नाव हाय मागं सगळीकडं." माझंच होतं. स्टोअर्सचे फॉर्म, प्रत्येकावर खाली माझी सही.

हे सगळं होऊन महिना झाला असेल. त्याचा एक फोटो मी मोठा करून आणला, घरी लावायला. गेटमधून आत येताना आमचे वॉचमन बळीराम पुढं झाले, फोटो बघितला आणि म्हणाले, "हे काका गेले का? अरेरे... दोनदा येऊन गेले होते की." मी थांबलो. "कुठं?" "इथं. एखादी खोली रिकामी हाय का विचारत आले, मी पहिल्या मजल्यावरचा दाखवला. चावी माझ्याकडंच असती ना. दुसऱ्या वेळी तर अर्धा तास खिडकीपाशी उभे होते. उजेड चांगला हाय म्हणले. खुर्ची इथं ठेवायची, तोंड तिकडं करून. मी म्हणलं, मग पक्कं समजू का? तर म्हणले, वरच्या साहेबांनी हो म्हणू द्या." मी विचारलं, "मग वर का नाही आले?" बळीराम म्हणाले, "मी म्हणलो की, साहेब घरीच हायत, इंटरकॉम लावू का? नको म्हणले. मी विचारलंय त्यांना, म्हणले. परत परत विचारलं की मानसाला नाही म्हणायला लागतं."

मी चावी मागून घेतली. खोलीत काहीच नव्हतं, भिंतींना मालकानं दिलेला पांढरा रंग आणि फरशीवर धूळ. खिडकीतून येणारा उजेड मात्र खरोखर चांगला होता, मऊ, एका बाजूनं येणारा, त्याला काळेवाडीत कधीच न मिळालेला. त्यानं खुर्ची कुठं ठेवायची म्हणून दाखवलं असेल, त्याचा अंदाज घेऊन मी तिथं उभा राहिलो. फोटो हातातच होता. मग बाहेर आलो, कुलूप लावलं आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढायला लागलो. आमचं घर चौथ्या मजल्यावर. शेवटच्या दोन रविवारी मी त्याला सांगितलेली निमित्तं आता सांगायला हरकत नाही. एकदा पाहुणे आलेत म्हणालो होतो, ते आले नव्हते. एकदा लिफ्ट बंद आहे आणि गुडघा दुखतोय, जिना उतरवत नाही, असं म्हणालो होतो. त्याच्या त्या रिकाम्या खोलीपासून माझ्या दारापर्यंत तीन मजले मी चढून आलो, आणि तो गुडघा एकदाही दुखला नाही.