तीन शिक्के आणि कोथिंबिरीची जुडी

हिंजवडीत काचेच्या इमारती उगवत होत्या त्या दिवसांत आमच्या भागातल्या एका दवाखान्यात माणसाला बाद करायला एक रबरी शिक्का पुरत होता. ‘सहकार्य नाही.’ फिजिओथेरपीच्या कार्डावर तो तीनदा उमटला की कार्ड बंद. माझ्या ताईच्या कार्डावर पहिल्याच दिवशी उमटला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. आई मंडईत पालेभाजी विकते आणि ताई शेजारी मांडी घालून कोथिंबिरीच्या जुड्या बांधते. एकही ढिली नाही. ओल्या फरशीवर ती घसरली, गुडघा मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा पाय वाकेना. डॉक्टर म्हणाले, आत्ता हलवला नाही तर कायमचा ताठ. म्हणजे मांडी गेली, मंडई गेली, आणि उरलं काय, तर घरातला टीव्ही.

पहिल्या दिवशी फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, “गुडघा वाकवा, दहा अंक मोजा.” ताईला अंक येत नाहीत. तेवढ्यात शेजारच्या मशीनचा बझर कोकलला. ताईनं कानावर हात ठेवले आणि खाटेखाली जायला बघितलं. ठप्प! शिक्का.

मी तेव्हा मोर्चे, सह्या आणि पत्रकं यांवरच जगत होते. त्याच संध्याकाळी पत्रक छापून आणलं, दोनशे प्रती. ‘आमच्या बहिणी बाद नाहीत!’ मागण्या दोन: बझर बंद करा, स्वतंत्र शांत खोली द्या. मॅडमनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

“शुद्धलेखन उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “बझरचं पटलं. खोली मात्र तुम्ही कुणाला विचारून मागितलीत?”

“विचारायचं काय त्यात? दिसतंय की!”

मी दोन दिवस दारात ठाण मांडलं. शेवटी सामानाची खोली रिकामी झाली. पांढऱ्या भिंती, पडदा, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. ताईला आत नेलं. तिनं चारही बाजूंना पाहिलं.

“आई कुठंय? लोक कुठंयत?”

आणि रडायला लागली. पाय इंचभर हलला नाही. दुसरा शिक्का. हा माझ्या कृपेनं.

मंडईत वाढलेल्या बाईसाठी मी शांतता मागितली होती! दोनशे प्रतींत!

मॅडम ताईसमोर खाली फरशीवर बसल्या. “ताई, तुम्ही दिवसभर काय करता?”

“ती भाजीच्या...” मी सुरू केलं.

“तुम्हाला विचारलेलं नाही.”

ताईनं आधी बोटांनी हवेतच गाठ मारून दाखवली. मग म्हणाली, “जुडी.”

“उद्या कोथिंबीर आणा,” मॅडम मला म्हणाल्या. “पत्रकं नकोत.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठ्या हॉलमध्ये. बझरच्या तोंडावर चिकटपट्टी. धरून चालायच्या दोन दांड्यांच्या एका टोकाला कोथिंबिरीचा ढीग, दुसऱ्या टोकाला बुटक्या स्टुलावर टोपली. एक जुडी बांधायची, चालत न्यायची, गुडघ्यात वाकून ठेवायची. अंक नाहीत, मोजणं नाही. टोपली भरली की सुट्टी. शिक्का टेबलावर तयारच होता.

ताईनं पहिली जुडी बांधली आणि निघाली. एक हात दांडीला, एकात जुडी. मानेला पट्टा लावून बसलेला एक सॉफ्टवेअरवाला मान न वळवता म्हणाला, “ताई, मला एक ठेवा.” खांदा धरून बसलेल्या आजोबांनी लगेच तक्रार केली, “जुडी बारीक वाटते हो.”

“बारीक नाही!” ताई कडाडली, आणि दाखवायला म्हणून ती जुडी टोपलीतून पुन्हा काढली. वाकून! गुडघा दुखला, तोंड वेडंवाकडं झालं, तरी वाकली.

आजोबांनी तीन आठवडे रोज तक्रार केली. मॅडम त्यांना तशी विनंती करून ठेवत, हे मला फार नंतर कळलं.

तिसरा शिक्का उमटला नाही. पण माझा राग गेलेला नाही, तो नोंदवतेच. कार्डावर पेशंटच्या सहकार्याला रकाना आहे; दवाखान्यानं किती सहकार्य केलं, त्याला का नाही?

ताई आता मंडईत बसते. मांडी पूर्ण घालता येत नाही, उजवा पाय थोडा बाहेर येतो. परवा मी गाळ्यासमोर नवी पत्रकं वाटत उभी होते, तर मागून आवाज आला,

“बाजूला हो गं. गिऱ्हाईक दिसत नाही.”

झाले बाजूला. पत्रक छापायच्या आधी मी आता तिला विचारते. बहुतेक वेळा ती नाही म्हणते.