चेटकिणीचे डोळे

दिघाशीच्या सावळारामबाबांनी तीस वर्षं भिवंडीतल्या एका कारखान्यात गणपतींचे डोळे आखले. रंग कुणीही द्यावा, डोळे मात्र सावळारामानंच काढायचे. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात जो थरथरू लागला, तो थांबेचना. काम सुटलं. चार वर्षं हा माणूस ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसत होता. घरच्यांना नकोसं करून सोडलं होतं म्हणा ना!

त्यांची सून रीमा घरबसल्या भलतंच काम करायची. पटावरच्या खेळातले बोटाएवढे प्लास्टिकचे पुतळे: चेटकिणी, राक्षस, उडते साप. पुण्याठाण्याचे हौशी लोक ते कोरे पाठवायचे, ही रंगवून द्यायची. साच्याचे कंगोरे ब्लेडनं खरवडायचे, साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा घालवायचा, अस्तराचा हात मारायचा, मग रंग. धुण्याचं काम तिनं बाबांना लावलं. "असली भुतं धुवाया जगलो काय मी?" असं कुरकुरत ते जुन्या टूथब्रशनं एकेकाला न्हाऊ घालत. थरथर तिथं उलट कामालाच यायची.

एका दुपारी चेटकिणीचे डोळे काही केल्या जमेनात. रीमानं तीनदा काढले, तीनदा पुसले. बाई चकणी ती चकणीच. बाबांना राहवेना. "आण इकडं," म्हणत त्यांनी ब्रश घेतला, आणि चेटकिणीला झकास मिशी फुटली. रीमा खो खो हसली. बाबांनी ब्रश खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. रीमानं हसू आवरलं.

मिशी पुसून ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. ब्रश परत त्यांच्या हाती दिला, चेटकीण चिमटीत धरली आणि आपलं मनगट त्यांच्या मनगटाला घट्ट टेकवलं.

"आता काढा, बाबा. हात हलू दे. माझापण बरोबर हलेल."

दोन्ही हात एकत्र थरथरले. ब्रशाचं टोक आणि चेटकिणीचा चेहरा मात्र एकमेकांसमोरून हलले नाहीत. बाबांनी श्वास रोखला. एक ठिपका. मग दुसरा. चेटकीण सरळ बघू लागली.

बाबांना रडू आवरेना. "पोरी, ह्यो हात मेला व्हता. तुझं उपकार फिटायचं न्हाय."

"उपकार कसले? माझी चेटकीण वाचली," रीमा म्हणाली आणि स्वतःच ओढणीनं डोळे पुसू लागली.

बाबांनी पुढचा राक्षस उचलून निरखला. "याला डोळं किती?"

"नऊ."

"नऊ!" बाबा हरखून म्हणाले, आणि त्यांनी मनगट तिच्यापुढे केलं.