राईचा पाय

शाळा मी चौथीत सोडली, पण लाकूड हातात घेतलं की ते कोवळं की जुनं हे मला वासावरून कळतं. बढाई नाही. भाईंदरच्या आमच्या फर्निचरच्या गाळ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवा माल उतरला की शेठ आधी मलाच हाक मारायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शेठना सागाच्या स्टुलांची परदेशी ऑर्डर मिळाली. अट एकच: लाकूड जपून तोडलेल्या, पुन्हा लावलेल्या जंगलातलं हवं, आणि तसं सर्टिफिकेट हवं. जंगलालाही आणि आमच्या गाळ्यालाही. तसा साग बोटीने परदेशातून आला, टोकांना हिरवा पट्टा मारलेला. शेठनी एका कोपऱ्यात पिवळी रेघ आखली आणि मला बजावलं, "मिस्त्री, इधर का माल उधर नाही जायला पाहिजे. सर्टिफिकेट गया तो ऑर्डर गया."

मी मान डोलावली. पण त्या सागात काही तुकडे अगदीच कोवळे, फिक्के निघाले. असला पाय लावून स्टूल बाहेर धाडायचं? माझ्या हाताला ते जमत नाही. जवळच्या राई गावात माझ्या मामाचं घर पाडलं, तेव्हाच्या जुन्या सागाच्या तुळया मी गाळ्यात आणून ठेवल्या होत्या. त्यातून पाय काढले आणि बसवले. आपण चुकलो असं मनातसुद्धा आलं नाही. उलट माल सुधारला होता.

मग तपासणीला एक मॅडम आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. कागद पाहिले, पिवळी रेघ पाहिली, सगळं जुळलं. शेठनी खुशीत चहा मागवला. मॅडमनी तयार स्टुलावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान लाकूड आहे."

"असणारच," मी म्हणालो. "हा पाय राईचा आहे."

शेठचा कप तोंडापाशीच थांबला.

"काका, याचा कागद आहे?" मॅडमनी विचारलं.

"कागद कशाला? माझ्या मामाचं घर. तुळई मी स्वतः उतरवली. तुमचं ते परदेशातलं जंगल तुम्ही पाहिलंय?"

"नाही. तिथे दुसरे लोक जातात. ते लिहून देतात."

"आणि बाजूच्या गाळ्यात? तिथे शांती नगरच्या फ्लॅटांचे दरवाजे होतात. लाकूड कुठून येतं, देव जाणे."

"ते आम्हाला बोलवत नाहीत, काका. सक्ती नाहीये ना. ज्याला हवं तो घेतो."

"म्हणजे जो बोलावतो त्यालाच धरायचं!"

त्या हसल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. जुनं लाकूडही चालतं, पण त्याचीही नोंद लागते, म्हणाल्या. भेसळ वेगळी काढता आली नाही, तर सगळी खेप अडणार आणि सर्टिफिकेटही जाणार.

"मिस्त्री, डेढ सौ स्टूल है!" शेठ रडकुंडीला आले. "पॉलिश हो गया सबका!"

"मांडा ओळीने," मी म्हणालो.

एकेक स्टूल उलटं केलं. पाय वाजवला, तळ हुंगला. माझा हात कुठे लागलाय ते मला कळणार नाही तर कोणाला? नऊ स्टुलं बाजूला काढली. मॅडमनी त्यातल्या दोन स्टुलांच्या पायांचा तळ खरवडून पाहिला, आत गर्द जुना साग. मग उरलेल्यांतली चार-पाच खरवडली. सगळी नव्या सागाची. त्यांनी फाईलमध्ये आमची चूक लिहिली, पण सर्टिफिकेट राहिलं.

जाताना मी विचारलं, "मी बोललोच नसतो तर?"

"तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

हे मला आवडलं. बाई खरं बोलली. कागद आपल्या जागी, पण शेवटी कोणाला तरी तोंड उघडावंच लागतं. आणि एक कबूल करतो: इतकी वर्षं रंधा मारला, पण लाकूड आणलं कुठून, हे त्या दिवसापर्यंत मला कोणी विचारलं नव्हतं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमाला गप बसाला येतच न्हाय." शेठचंही तेच मत. मी त्यांना सांगितलं, खराब पाय पुन्हा आला तर पुन्हा बदलणार, फक्त आधी लिहून घ्या. तेव्हापासून ते लिहून घेऊ लागले.

ती नऊ स्टुलं शांती नगरच्या एका दुकानात गेली, बिनशिक्क्याची. आठवड्यात संपली. मी मुद्दाम दुकानात जाऊन चौकशी केली. लाकूड कुठलं, असं एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. दुकानदाराला मी सांगून ठेवलं, कोणी विचारलंच तर राईचं म्हणून सांग, आणि घराची जागा बघायची असेल तर माझ्याकडे पाठव.