द्वारकाबाईंची तबकडी

“ही माजी बाई नाय,” म्हणत द्वारकाबाईंनी सुई उचलली.

मी चाटच पडलो. त्यांच्या ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग बदलून, मशीन साफसूफ करून मी नुकतंच त्यांच्यासमोर वाजवलं होतं. तबकडी त्यांनीच आणलेली, भूप रागातली.

“बाई, तबकडी तुमचीच आहे.”

“तबकडी माजी. बाई दुसरीच. माजी बाई सावकाश गाते. ही बगा कशी पळते!”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मशीनमध्ये गव्हर्नर असतो. तबकडी किती वेगानं फिरायची ते तो ठरवतो, आणि तो एका स्क्रूनं कमीजास्त करता येतो. हा स्क्रू बाईंच्या समुद्रकाठच्या भाट्ये गावातल्या खाऱ्या हवेत गंजून एकाच जागी अडकून बसला होता. मी तो सोडवला आणि नियमाप्रमाणे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे लावून दिले. वेग वाढला की आवाजही चढतो. बाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या ते गाणं संथ, खालच्या, ढाल्या आवाजातलं.

मशीन त्यांच्या वडलांनी मुंबईहून आणलेलं. ते गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते. पुढच्याच खेपेला गलबत त्यांच्यासकट बुडालं. तेव्हापासून दिवेलागणीला बाई या तबकडीबरोबर गात आल्या होत्या.

“आता बरोबर वाजतंय हो,” आमचे मालक दामूअण्णा गल्ल्यावरून म्हणाले. “इतकी वर्षं तुम्ही चुकीचं ऐकलंत.”

बाई मशीन गोधडीत गुंडाळू लागल्या. त्यांचा चेहरा बघवेना.

“अरे, स्क्रू मागे घे की!” मालक माझ्यावर खेकसले.

घेतला असता. पण किती मागे? जुन्या जागेची खूण गंजाबरोबर मीच घासून टाकली होती.

“बाई, तुम्हीच म्हणा ते गाणं,” मी म्हटलं.

“हितं? बाजारात?”

मालकांनी उठून दुकानाचं दार लोटलं.

बाई गायला लागल्या. आवाज थकलेला, सूर पक्का. मी तबकडी लावली आणि स्क्रू फिरवत गेलो. तबकडीतली बाई हळूहळू खाली आली, जरा जास्तच उतरली, मी परत चढवली. एका जागी दोघींचे सूर मिळाले. द्वारकाबाईंच्या डोळ्यांना धार लागली, पण त्यांनी गाणं सोडलं नाही. मी स्क्रूवर लाखेचा थेंब टाकून तो पक्का केला.

“फेरे मोज,” मालक म्हणाले.

मी मोजले नाहीत.

तेव्हापासून जुन्या मशीनचा स्क्रू सोडवण्याआधी मी गिऱ्हाइकाला त्याचं आवडतं गाणं म्हणायला सांगतो. बरेच जण लाजतात. मग मी स्क्रूला हात लावत नाही.